वाचकांचे प्रश्न : मुलांची शस्त्रक्रिया आणि निर्णयातला वाटा

मुलांच्या शस्त्रक्रियांविषयी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या वेळी निवडली आहेत. शस्त्रक्रिया कशी करतात, टाके किती दिवसांनी काढतात, असे प्रश्न त्यांत फारसे नाहीत. करायची की नाही, केव्हा करायची आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हाच धागा सगळ्या पत्रांतून जातो. पत्रलेखकांची नावे अर्थातच वगळली आहेत आणि मूल ओळखू येईल असे तपशीलही बदलले आहेत. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणत्याही मुलाला शस्त्रक्रियेचा सल्ला देता येत नाही, म्हणून इथे मी निर्णय कसा घ्यावा याविषयीच लिहिणार आहे.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल वारंवार सुजतात. एका डॉक्टरांनी ते काढून टाकायला सांगितले, दुसऱ्यांनी थांबायला सांगितले. तिसऱ्यांनी दोन्ही बाजू समजावल्या आणि ‘आता तुम्हीच ठरवा’ म्हणाले. आम्हाला वैद्यकातले काही कळत नाही. मग आम्ही ठरवायचे तरी कशाच्या आधारावर?

उत्तर : तीन डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या याचा अर्थ त्यांतले दोघे चुकले, असा होत नाही. टॉन्सिलच्या बाबतीत वैद्यकांमधले मतभेद फार जुने आहेत. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत न्यूयॉर्कमधल्या एक हजार शाळकरी मुलांची तपासणी केली होती. त्यांपैकी ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्यांना डॉक्टरांच्या एका गटाने तपासले आणि त्यांतल्या ४५ टक्के मुलांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्यांना ती नको असे ठरले, ती मुले दुसऱ्या गटाकडे पाठवली, तर त्यांनीही ४६ टक्के मुलांना शस्त्रक्रिया सुचवली. तिसऱ्या फेरीत हा आकडा ४४ टक्के होता. शेवटी हजारांतली अवघी ६५ मुले अशी राहिली की ज्यांना कोणीच शस्त्रक्रिया सांगितली नव्हती. मूल कसे आहे यापेक्षा तपासणाऱ्याची सवय काय आहे, यावर सल्ला किती अवलंबून असू शकतो, हे या आकड्यांतून दिसते. शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावेत असे मला मनापासून वाटते.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. गेल्या वर्षभरात घशाची लागण सात किंवा अधिक वेळा झाली असेल, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा झाली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे निकष सर्वसाधारणपणे मानले जातात. प्रत्येक खेपेला ताप, मानेच्या गाठी किंवा टॉन्सिलवरचा पू यांची डॉक्टरांनी केलेली नोंद असावी, अशीही अपेक्षा असते. घोरता घोरता झोपेत मुलाचा श्वास अडत असेल, तर तो वेगळा विषय आहे आणि तिथे ही मोजदाद लागू होत नाही. यापेक्षा कमी वेळा घसा धरत असेल तर बहुतेक मुलांना काही महिने थांबून पाहणे हिताचे असते, कारण वयाबरोबर हा त्रास आपोआप कमी होत जातो. शस्त्रक्रियेने घसा धरण्याचे प्रमाण घटते हे खरे, पण हा लाभ मुख्यतः पहिल्या वर्षात जाणवतो. त्याच्या बदल्यात आठवडा-दोन आठवडे गिळताना बऱ्यापैकी दुखते आणि रक्तस्रावाचा लहान पण खरा धोका राहतो. हा रक्तस्राव शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरानेही होऊ शकतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. निकषांच्या सीमेवर असलेल्या मुलाच्या बाबतीत वैद्यकशास्त्राकडे एकच बरोबर उत्तर नसते, आणि अशा ठिकाणीच मिळून निर्णय घेण्याला अर्थ असतो. डॉक्टरांना आजार माहीत असतो, तुम्हाला मूल माहीत असते. त्याची शाळा किती बुडते, दुखणे तो कसे सोसतो, रात्री-अपरात्री रक्त आले तर तुम्हाला रुग्णालय किती लवकर गाठता येईल, पुढची दोन वर्षे अधूनमधून येणारा ताप तुम्हाला अधिक जड वाटतो की एकदाची शस्त्रक्रिया, या गोष्टी आमच्या तपासणीत दिसत नाहीत. त्या तुम्ही सांगायच्या असतात आणि आम्ही त्या विचारायच्या असतात.

तिसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही बाजू समजावल्या हे चांगलेच केले, परंतु ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून ते बाजूला झाले, तिथे त्यांचे काम अर्धवट राहिले. माहितीचा ढीग पुढे ठेवून आईवडिलांना एकटे सोडणे म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याचा आदर करणे, असे मी मानत नाही. तुम्ही पुन्हा त्यांच्याकडे जा आणि सरळ विचारा : आमच्या मुलाबद्दल एवढे कळल्यावर तुम्ही काय सुचवाल आणि का? तुमचा सल्ला आम्ही मानला नाही, तर काय होईल? चांगला डॉक्टर स्वतःचे मत मोकळेपणाने सांगतो आणि ते मत न पटल्याने नाराज होत नाही.

प्रश्न : आमच्या चार महिन्यांच्या मुलाच्या जांघेत हर्निया आहे. डॉक्टर लवकर शस्त्रक्रिया करा म्हणतात. घरातले म्हणतात, शेजारच्या मुलीचा बेंबीचा हर्निया आपोआप बरा झाला, तुम्हीही थांबा. शिवाय एवढ्या लहान वयात भूल दिली तर मेंदूवर परिणाम होतो, असेही वाचले. निर्णय आमचा असेल तर आम्हाला थांबायचे आहे.

उत्तर : या पत्राला मला पहिल्यापेक्षा अगदी वेगळे उत्तर द्यावे लागेल. बेंबीचा हर्निया बहुतेक मुलांमध्ये चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो, म्हणून तिथे वाट पाहतात. जांघेतला हर्निया बंद होत नाही. उलट, आतडे त्यात अडकून पडण्याचा धोका आयुष्याच्या पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो, आणि अडकलेल्या आतड्याची तातडीची शस्त्रक्रिया ही ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा बाळासाठी कितीतरी कठीण असते. घरातल्यांनी पाहिलेला अनुभव खरा आहे, पण तो दुसऱ्याच आजाराचा आहे, हे त्यांना प्रेमाने समजावून सांगा.

भुलेची भीती निराधार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला होता, तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त वेळ किंवा वारंवार द्याव्या लागणाऱ्या भुलेबद्दल होता. तुमच्या बाळाच्या बाबतीत त्याहून जवळचा पुरावा उपलब्ध आहे. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या ७२२ तान्ह्या बाळांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात काहींना संपूर्ण भूल आणि काहींना जागेपणी शरीराच्या खालच्या भागापुरती भूल देण्यात आली. पाच वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांतल्या मुलांच्या बुद्धिमापनात फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासातली भूल साधारण तासाभराच्या आतली होती, आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेला एरवीही बहुधा तेवढाच वेळ लागतो.

तेव्हा करायची की नाही, हा इथे खुला प्रश्न नाही. तसे तुम्हाला स्पष्ट न सांगता मी ‘दोन पर्याय आहेत’ म्हटले असते, तर ती तुमची फसवणूक झाली असती. नेमकी कोणत्या आठवड्यात करायची, भूल कोणत्या प्रकारची द्यायची, दुसरी बाजूही त्याच वेळी तपासायची का, त्या रात्री रुग्णालयात राहायचे का, हे प्रश्न मात्र खुले आहेत आणि त्यांत तुमचा शब्द असलाच पाहिजे.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीची शस्त्रक्रिया ठरली आहे. ती फार घाबरट आहे, म्हणून ‘फक्त तपासणी आहे’ असेच तिला सांगावे, असे आम्ही ठरवले होते. डॉक्टरांनी मात्र तिच्याशी बोलण्याचा आग्रह धरला. ती ‘नाही’ म्हणाली तर काय करायचे? शेवटी सही तर आम्हीच करणार आहोत.

उत्तर : सही तुमचीच असते, कारण कायद्याच्या दृष्टीने सज्ञान नसलेल्या मुलासाठी संमती द्यायची असते ती पालकांनी. पण संमती आणि होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमती कागदावर असते. होकार मुलाचा असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९५ मध्ये मांडलेल्या भूमिकेत हा फरक नेमकेपणाने सांगितला आहे : पालक परवानगी देतात, आणि मुलाकडून त्याच्या समजुतीच्या बेताने होकार घ्यायचा असतो. त्याआधी १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने, स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि वय व समज पाहून त्या मताला वजन मिळण्याचा मुलांचा हक्क मान्य केला होता.

याचा अर्थ दहा वर्षांच्या मुलीने ‘नको’ म्हटल्यावर आवश्यक शस्त्रक्रिया रद्द करावी, असा नाही. त्याच १९९५ च्या भूमिकेत एक सूचना आहे, ती मी आजही विद्यार्थ्यांना सांगतो : जे मत गंभीरपणे विचारात घ्यायचेच नाही, ते मुलाला विचारू नये, आणि विरोध असूनही उपचार होणारच असतील तर ते मुलाला स्पष्ट सांगावे, फसवू नये. म्हणून ‘ऑपरेशन करूया का?’ असे तिला विचारू नका, कारण तिच्या ‘नाही’ला तुम्ही मान देणार नाही. ‘तुला बरे करण्यासाठी हे करावे लागणार आहे. त्यातल्या काही गोष्टी तू ठरवायच्या आहेस,’ असे म्हणा आणि त्या गोष्टी खरोखर तिच्या हाती द्या. झोपेचे औषध मास्कमधून घ्यायचे की सुईतून, हे बऱ्याचदा तिला ठरवता येते. भूल चढेपर्यंत आई जवळ हवी की बाबा, हातात काय धरायचे, जागी झाल्यावर पहिल्यांदा कोणी दिसायला हवे, शाळेतल्या मैत्रिणींना काय सांगायचे आणि काय नाही, या निवडी मोठ्यांना किरकोळ वाटतात. दहा वर्षांच्या मुलीसाठी त्या दिवशी त्याच सर्वांत मोठ्या असतात.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक मुलगी मला अजून आठवते. तिला ‘फोटो काढायला जायचे आहे’ असे सांगून आणले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण पुढचे कित्येक दिवस पट्टी बदलायला कोणीही जवळ आले, की ती आईच्या पदराला नव्हे, तर पलंगाच्या गजाला घट्ट धरून ठेवायची. आईवरचाही तिचा विश्वास उडाला होता. तिच्याशी खोटे बोलताना खोलीत असलेल्या मोठ्यांमध्ये मीही होतो, आणि मी गप्प राहिलो होतो.

घाबरट मुलीला किती आधी सांगायचे, हे तुम्ही ठरवा. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांना साधारण आठवडाभर आधी सांगितले तर प्रश्न विचारायला वेळ मिळतो. त्याहून लहानांना एक-दोन दिवस आधी पुरते. ‘दुखेल का?’ असे तिने विचारले, तर ‘हो, नंतर दुखेल, आणि दुखले की सांगायचे, त्यावर औषध देतात’ एवढेच आणि खरे उत्तर द्या.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याच्या छातीचा मधला भाग आत दबलेला आहे. धाप लागत नाही, तपासण्या ठीक आहेत. तो पोहायला जात नाही, सदरा काढत नाही. मला शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटते. तो म्हणतो, ‘मला नको, माझे मी बघेन.’ वडील म्हणून मी निर्णय घेऊ शकत नाही का?

उत्तर : कायद्याने कदाचित घेऊ शकता. घेऊ नका, अशी माझी विनंती आहे.

ही शस्त्रक्रिया आज बहुधा नस यांच्या पद्धतीने करतात. डोनाल्ड नस या शल्यचिकित्सकांनी ती १९८७ मध्ये प्रथम केली आणि १९९८ मध्ये तिचे दहा वर्षांचे अनुभव प्रसिद्ध केले. छातीच्या हाडामागून वळवलेली धातूची पट्टी सरकवून ती उलटवतात, त्यामुळे आत गेलेला भाग पुढे उचलला जातो. पट्टी साधारण तीन वर्षे आत राहते आणि मग दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढावी लागते. सुरुवातीचे काही दिवस चांगलेच दुखते. पुढचे काही महिने जड वजन उचलणे आणि धक्काबुक्कीचे खेळ बंद असतात. क्वचित, पण गंभीर गुंतागुंतही होऊ शकते, कारण पट्टी हृदयाच्या अगदी पुढून जाते. हे सगळे ज्याने सोसायचे त्याचीच तयारी नसेल, तर उत्तम शस्त्रक्रियेलाही अपयश येते, कारण नंतरचे व्यायाम आणि पथ्ये तोच पाळणार असतो.

पंधराव्या वर्षी मुलाची समज किती धरायची, यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९८५ मध्ये गिलिक खटल्यात दिलेला निकाल जगभर चर्चिला गेला. उपचार कशासाठी आहेत आणि त्यांचे परिणाम काय, हे पूर्णपणे समजण्याइतकी परिपक्वता असेल, तर सोळा वर्षांखालचे मूलही स्वतः संमती देऊ शकते, असे त्या निकालाने म्हटले. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे आणि अनेक ठिकाणी अठरा वर्षांपर्यंत पालकांचीच सही लागते. पण त्यामागचे तत्त्व तुमच्या घरातही लागू होते : निर्णयाची घाई जितकी कमी आणि मुलाची समज जितकी अधिक, तितका त्याचा शब्द जड.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला महत्त्वाची वाटली, ती म्हणजे तो पोहायला जात नाही. त्याला लाज वाटते आणि तरीही शस्त्रक्रिया नको आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्याला एकट्याला, तुमच्याशिवाय, शल्यचिकित्सकांशी बोलू द्या. ही शस्त्रक्रिया केलेल्या एखाद्या तरुणाशी आणि न केलेल्या एखाद्याशी बोलण्याची सोय होते का, तेही विचारा. काही मुलांना बाहेरून हवेचा दाब देऊन छाती उचलणारे उपकरण वापरता येते, त्याचीही माहिती घ्या. सोळाव्या-सतराव्या वर्षी त्याने स्वतःहून विचारले, तर दार बंद झालेले नसेल.

प्रश्न : आमच्या नवजात बाळाच्या जननेंद्रियावरून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही. एका डॉक्टरांनी ‘लवकर शस्त्रक्रिया करून एक काहीतरी ठरवून टाका, नातेवाईकांना कळायच्या आत’ असा सल्ला दिला. आम्ही फार गोंधळलो आहोत.

उत्तर : आधी जे खरोखर तातडीचे आहे, ते सांगतो. अशा काही बाळांच्या अधिवृक्क ग्रंथींमध्ये (मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींमध्ये) संप्रेरके बनवायला लागणाऱ्या एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, कमतरता असते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीरातले मीठ वाहून जाऊन बाळाच्या जिवाला धोका निर्माण होऊ शकतो. रक्ताच्या तपासण्या अजून झाल्या नसतील, तर हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्यावर औषध आहे, आणि ते वेळेवर मिळाले तर मूल वाचते. लघवीला वाट नसेल तर तीही तातडी आहे.

बाह्य रूप ठरावीक साच्यात बसवण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया मात्र तातडीची नसते. पूर्वी ती सर्रास तान्हेपणी करत असत, आणि करणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच होता. त्यांतली अनेक मुले मोठी होऊन बोलू लागली, तेव्हा आम्हाला कळले की संवेदना गेल्या, व्रण राहिले, काहींच्या बाबतीत ठरवलेले लिंग आणि त्यांना स्वतःला जाणवणारे लिंग वेगळे निघाले, आणि पुष्कळांपासून सगळे लपवून ठेवलेले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निवेदनाने अनेक शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून, कुटुंबाला सगळे मोकळेपणाने सांगून पुढे जावे असे म्हटले, आणि केवळ दिसण्यासाठी घाईने शस्त्रक्रिया करण्याबाबत सावधगिरी सुचवली. २०१५ मध्ये माल्टाने मुलाच्या संमतीशिवाय अशी अनावश्यक शस्त्रक्रिया करण्यावर कायद्याने बंदी घातली. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडू सरकारनेही, जिवाला धोका असल्याचे प्रसंग वगळता, तान्ह्या मुलांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली.

पालकांचा अधिकार मोठा असतो, पण तो मुलाच्या वतीने असतो. जो निर्णय थांबू शकतो, उलटवता येत नाही आणि इतका खासगी आहे, तो मुलासाठी राखून ठेवणे हाही त्या अधिकाराचाच भाग आहे. नातेवाईकांना काय सांगायचे, हा तुमचा खरा जाच आहे, आणि त्यावर शस्त्रक्रिया हा उपाय नाही. ‘बाळाच्या काही तपासण्या चालू आहेत, डॉक्टरांनी थांबायला सांगितले आहे’ एवढे वाक्य पुष्कळ दिवस पुरते. तुमच्याशी शांतपणे बोलू शकेल असा समुपदेशक त्या गटात आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला तीव्र सेरेब्रल पाल्सी आहे. ती बोलत नाही. वजन घटते आहे, घास छातीत जाऊन दोनदा न्यूमोनिया झाला. पोटावरून जठरात नळी बसवायला सांगितले आहे. एक डॉक्टर म्हणाले, ‘अशा मुलीसाठी एवढे कशाला?’ त्याने मी कोसळले. पण खरे सांगायचे तर मलाही नळी नको आहे. तिला भरवण्याचा तासच आमचा दोघींचा असतो.

उत्तर : तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवतो, कारण त्या एकत्र झाल्या तर दोन्हींवर अन्याय होईल.

‘अशा मुलीसाठी’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरला नाही. शस्त्रक्रियेने तिचा त्रास किती कमी होईल, हा वैद्यकीय प्रश्न आहे. तिचे आयुष्य शस्त्रक्रियेच्या लायकीचे आहे का, हा नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात डाउन सिंड्रोम आणि बंद अन्ननलिका असलेले एक बाळ जन्मले. अन्ननलिका जोडण्याची शस्त्रक्रिया तेव्हा उपलब्ध होती, चार दशकांपासून यशस्वी होत आली होती. ती करायची नाही असे ठरले, न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही, आणि सहाव्या दिवशी बाळ गेले. त्यानंतर झालेल्या वादातून १९८४ मध्ये अमेरिकेच्या कायद्यात बदल झाला. अपंगत्व हे उपचार नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, हे इतक्या वेदनेतून शिकलेले आहे. आणि आम्ही डॉक्टर बोलू न शकणाऱ्या मुलांबद्दल याआधीही चुकलो आहोत : १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांना अनेक ठिकाणी स्नायू शिथिल करणारे औषध देऊन, वेदनाशामक जवळजवळ न देता, शस्त्रक्रिया केल्या जात. वेदनाशामक दिल्यावर शस्त्रक्रियेचा ताण आणि गुंतागुंत कमी होते, हे १९८७ मध्ये आनंद या संशोधक डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, तेव्हा ही पद्धत बदलू लागली.

दुसरी गोष्ट तुमची आहे, आणि ती कबूल केलीत याबद्दल मला आदर वाटतो. भरवण्याचा तास हा तुमच्यासाठी तिच्याशी चाललेला संवाद आहे. तो निर्णयात मोजला गेलाच पाहिजे. पण तो तास तिला कसा जातो, हेही बघा. घास घेताना ती खोकते का, डोळ्यांत पाणी येते का, मान फिरवते का, जेवण दीड-दोन तास चालते का, शेवटी ती थकून जाते का? ती बोलत नसली तरी हे तिचे म्हणणे आहे, आणि ते तुमच्याइतके कोणालाच वाचता येत नाही. आठवडाभर लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

नळीविषयी काही गोष्टी बहुतेकदा सांगायच्या राहून जातात. नळी बसली म्हणजे तोंडाने खाणे कायमचे बंद, असे नाही. गिळण्याच्या तपासणीत सुरक्षित ठरले तर चवीपुरते दोन घास देता येतात. नको झाली तर नळी काढता येते आणि छिद्र बहुधा आपोआप मिटते. नळीने प्रत्येक न्यूमोनिया टळत नाही, कारण लाळ आणि जठरातून वर येणारे अन्न तरीही श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यासाठी आणखी एखादी शस्त्रक्रिया लागेल का, हे आधीच विचारा. छिद्राभोवती गळणे, त्वचा लाल होणे, नळी निसटणे हे त्रास बऱ्याच मुलांना होतात आणि ते घरीच हाताळायला शिकावे लागतात. पक्का निर्णय होत नसेल तर काही आठवडे नाकातून घातलेल्या नळीने आहार देऊन पाहता येते. वजन, झोप, चेहरा, खोकला यांत काय फरक पडतो, ते दिसेल. मग ठरवा. त्या काळात नळीने आहार चालू असताना तिला मांडीवर घेऊन बसा. तो तास तुमच्याकडून कोणी काढून घेऊ नये.

प्रश्न : आमच्या मुलाची शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, असे विचारले तर डॉक्टरांचा अपमान होईल का?

उत्तर : मुळीच नाही. शिकवणाऱ्या रुग्णालयांत शिकाऊ शल्यचिकित्सक वरिष्ठांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया करतात. त्याशिवाय पुढची पिढी तयार होणार नाही, आणि योग्य देखरेख असेल तर ते सुरक्षितही असते. पण हे तुम्हाला माहीत असणे हा संमतीचाच भाग आहे. मुख्य टप्पे कोण करेल, वरिष्ठ पूर्ण वेळ खोलीत असतील का, ही विशिष्ट शस्त्रक्रिया त्यांनी या वयाच्या मुलांवर किती वेळा केली आहे, आणि शस्त्रक्रियेच्या मध्ये काही वेगळे आढळले तर बाहेर येऊन तुम्हाला विचारतील की पुढे जातील, हे चार प्रश्न विचारा. विचारायची वेळ मात्र नीट निवडा. मुलाला शस्त्रक्रियागृहाकडे नेत असताना पुढे केलेल्या कागदावर घाईने सही करू नका. त्याच्या आधीच्या भेटीतच कागद मागून घ्या, घरी नेऊन वाचा, आणि न कळलेल्या ओळींखाली रेघ मारून परत या.